पोटात गोळा यायचा, तेव्हाची गोष्ट

दहावीच्या वर्षी पूर्वपरीक्षा आणि सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, म्हणजे आमची मोठी जत्रा, एकदमच आली. वर्गातली पोरं गड्ड्यावर पाळण्यात, आणि मी बीजगणिताचं पुस्तक उघडं टाकून भिंतीकडे बघत बसलेलो. पेपरच्या सकाळी पोटात गोळा यायचा. आईनं केलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी ताटात तशीच राहायची. आईला वाटलं, पित्त झालंय. मलाही तेच वाटत होतं.

शेवटी शाळेतल्या एका बाईंना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही, याचंच जास्त बरं वाटलं. म्हणाल्या, "वहीच्या शेवटच्या पानावर लिही, नेमकं काय येत नाही." लिहिलं तर तीनच गोष्टी निघाल्या: वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता. आणि मी अख्खं पुस्तक डोक्यावर घेऊन फिरत होतो!

मग रोज एकच प्रकरण. रविवारी जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, ४० गुण, २ तास. पहिल्यांदा १७ पडले. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट आधी नकोसा व्हायचा. नंतर त्याच आवाजात गणितं सुटायला लागली. रात्री एकपर्यंत जागणं बंद केलं, साडेदहाला अंथरूण. त्यानं सगळ्यात जास्त फरक पडला.

गोळा पूर्ण गेला नाही, बोर्डाच्या पहिल्या पेपरलाही आलाच. पण अर्धी भाकरी खाऊन गेलो. कुणाला घरी बोलता येत नसेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.