ओढ्यातले जीव मोजताना या चुका टाळा

सह्याद्रीत ओढ्यांचं सर्वेक्षण करणारे गट वाढले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. जाळी, ट्रे, भिंग घेऊन मुलं पाण्यात उतरतात, दगड उलटतात, मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं मोजतात. घोटाळा होतो तो निष्कर्ष काढताना. एखादा जीव का आहे किंवा का नाही, याचं उत्तर दर वेळी पाण्याच्या प्रतीतच शोधलं जातं. तो तिथवर पोचतो कसा, हा प्रश्न राहूनच जातो.

सापडला नाही, म्हणजे पाणी खराब

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपल्याकडच्या ओढ्यांतल्या खेकड्यांची मादी अंडी पोटाखालच्या झडपेत सांभाळते आणि त्यांतून थेट इवले इवले खेकडेच बाहेर पडतात. समुद्री खेकड्यांसारखी पाण्याबरोबर वाहत जाणारी अळी इथे नसते. म्हणून एका सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, जात शेजारच्या सड्यावर नसू शकते. धबधब्याच्या ओल्या कातळावरची ‘क्रेम्नोकॉन्कस’ गोगलगाय तशीच. तिचं बहुतेक गणगोत समुद्रकाठच्या खडकांवर, आणि ती मात्र सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांपुरती.

असे जीव दिसले नाहीत म्हणून ओढ्याला नापास करू नका. यादीत एक रकाना वाढवा: उडणारा, चालणारा, फक्त पाण्यातून जाणारा, दुसऱ्याच्या अंगावरून जाणारा. शेवटच्या रकान्यात शिंपले येतात. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासा अडला की शिंपलाही अडला. जे गायब आहेत ते सगळे एकाच रकान्यातले असतील, तर आधी वाटेतला अडथळा शोधा.

सापडला, म्हणजे तिथे नांदतो

अंधार पडला की अनेक किड्यांची पिल्लं दगड सोडून प्रवाहाबरोबर खाली जातात. पुरात तर ओढलीच जातात. वरून अशी भर पडत राहिली, तर जिथे त्यांचा टिकाव लागत नाही तिथेही ती जाळ्यात येतात आणि यादी फुगते. लहान-मोठी सगळ्या आकारांची पिल्लं, अंडी, कोष मिळतात का ते पाहा. पुरानंतर लगेच घेतलेला नमुना वेगळा ठेवा.

पंख आहेत, म्हणजे लांब जातो

भटका चतुर भारतातून मालदीवमार्गे आफ्रिका गाठतो, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. मेफ्लायला हाच न्याय लावू नका. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही. बहुतेक जातींत ती काही तास, फार तर थोडे दिवस जगते आणि सहसा काठाकाठानेच उडते.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणं

घाटमाथ्यावर दोन ओढे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. एकाचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्याचं कोकणातून अरबी समुद्राला. चतुर खिंडीतून सहज पलीकडे जातो. खेकड्याला पावसाळ्यातलं ओलं गवत पुरतं. माशाला मात्र हे अंतर कापताच येत नाही. प्रत्येक रकान्याचं अंतर वेगळं मोजा: हवेतून, जमिनीवरून, पाण्यातून.

अंतर ऋतूप्रमाणेही बदलतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घालतात. जूनमध्ये वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा जी वाट खुली असते, तिथे जानेवारीत भिंत उभी असते. म्हणून नोंदवहीत तारखेशेजारी बर्गे होते की नव्हते, तेही लिहा. सिमेंटच्या नाला बंधाऱ्याला ही सवलत नाही, तो बारमाही अडवतो.

वरच्या ओहोळाला गरीब ठरवणं

खालच्या प्रवाहात सगळ्या फाट्यांतून जीव येतात, त्यामुळे तिथला आकडा मोठा दिसतो. उगमाकडच्या एकेका ओहोळात जाती थोड्या असतात, पण शेजारच्या ओहोळातल्या जाती बऱ्याचदा वेगळ्या निघतात. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या ओढ्यांवर ब्राऊन आणि स्वान या संशोधकांनी २०१० मध्ये हेच दाखवलं: उगमाकडे तिथल्या परिस्थितीचा हात मोठा, मुख्य प्रवाहात त्याच्या जोडीला जिवांची ये-जा. तेव्हा एकेक ओहोळ वेगळा न तोलता खोऱ्यातल्या सगळ्या ओहोळांची यादी एकत्र करा आणि फक्त एकाच ठिकाणी सापडलेल्या जातींखाली रेघ मारा. रस्त्यासाठी ओहोळ पाइपात घालायचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, तर हाच कागद पुढे ठेवा.