झाडीपट्टीत येणाऱ्या कातारी बांधवांना

सावंतवाडीहून येऊन पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात लेथ, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचे यंत्र, बसवल्याला मला 19 वर्षे झाली. आपल्याकडची जी तरुण मंडळी आता इकडे येऊ पाहत आहेत, त्यांनी दुकानाच्या जागेआधी लाकूड सुकवण्याच्या जागेचा विचार करावा, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

कोकणच्या दमट हवेत लाकूड सावकाश सुकते. इथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो. पहिल्या पावसाळ्यात मी हळदू नावाच्या झाडाच्या लाकडाचे चाळीस कुंकवाचे करंडे कातले. झाकणे इतकी नेमकी बसली होती, की उघडताना बारीक आवाज यायचा. चैत्रात एक काकू करंडा परत घेऊन आल्या, तेव्हा ते झाकण लंबगोल होऊन एका अंगाला अडकत होते आणि दुसऱ्या अंगाला सैल पडले होते. विकलेले सगळे करंडे मी परत घेतले. तेव्हापासून ओंडका आला त्याच दिवशी त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावतो, गाभा काढून टाकतो आणि व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाडी राखून नग कच्चा कातून सावलीत, थेट वारा लागणार नाही असा ठेवतो. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहितो. वजन घटायचे थांबले की मगच शेवटची पटाशी चालवतो आणि लाख चढवतो.

सागवान बल्लारपूरच्या आगारातून लिलावात घ्यावे. त्यावरची वनखात्याच्या हातोड्याची खूण पाहावी आणि वाहतूक परवाना जपून ठेवावा. स्वस्तात मिळते म्हणून कागदाशिवाय लाकूड कधीही घेऊ नये. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे दोन्ही बसतात, त्यामुळे नोंदणी लवकर करावी.

गावच्या सुताराला मात्र पहिल्याच आठवड्यात भेटावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथली मुले लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. तो नंदी सुतारभाऊ घडवतात आणि त्याची चाके माझ्या लेथवर कातली जातात. त्या चाकांचे लाकूड मी होळीपर्यंत कापून ठेवतो. आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक तोडत नाही, आणि माझी निम्मी कामे आजही त्यांच्याकडूनच येतात.

उधारी द्यावी लागते. ती धान विकले गेल्यावर, पौषाच्या सुमारास मागावी. आषाढात धानाची रोवणी (लावणी) चालू असताना कुणाच्याही दारात पैशांसाठी उभे राहू नये.