बिजागरीवरची पट्टी नाण्याच्या आधी कशी पडते, ते घरी पाहा

सगळ्या वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हे शाळेत घोकलेलं असतं. एका टोकाला अडकवलेल्या पट्टीचं मोकळं टोक मात्र सुट्या नाण्याला मागे टाकतं.

मीटरभर लांबीची, सारख्या जाडीची लाकडी पट्टी घ्या आणि तिचं एक टोक छोट्या बिजागरीने जमिनीवरच्या फळीला जोडा. बिजागरी कुरकुरत असेल तर तेलाचा थेंब सोडा. मोकळं टोक दोऱ्याने १५ सेंमी उंच टांगा. फार वर नेलं तर नाणी घसरतात. मग दर १० सेंमीवर एक नाणं ठेवा, शेवटचं अगदी टोकाशी.

मोबाइल बाजूला, जमिनीलगत ठेवून स्लो मोशन सुरू करा आणि दोरा कात्रीने कापा. हाताने पट्टी सोडू नका, बोटांचा धक्का लागतोच. हे सगळं सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात उरकतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी काही कळणार नाही.

चित्रण थांबवत थांबवत पाहा. साधारण ६७ सेंमीपर्यंतची नाणी पट्टीला चिकटून येतात, पुढची हवेत राहतात. टोक जमिनीला लागतं तेव्हा शेवटचं नाणं अजून जवळजवळ ५ सेंमी वर असतं.

आता हिशोब. पट्टी जवळपास आडवी आहे, म्हणून वजनाचं आघूर्ण (पट्टीला बिजागरीभोवती फिरवणारा जोर) = वजन × अर्धी लांबी. जडत्व आघूर्ण (फिरवण्याला पट्टीचा होणारा विरोध) = वस्तुमान × लांबीचा वर्ग ÷ ३. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की फिरण्याचं त्वरण मिळतं; त्याला लांबीने गुणलं, की टोकाचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या दीडपट येतं, म्हणजे सुमारे १४.७ मी/से². लांबीच्या दोन-तृतीयांशावर ते नेमकं गुरुत्वाइतकं असतं. नाणी तिथूनच सुटतात.

यात फुकटचं काही नाही. पट्टीचा मध्य गुरुत्वाच्या पाऊणपटच त्वरणाने खाली येतो, कारण वजनाचा चौथा हिस्सा बिजागरी तोलून धरते. बिजागरीजवळच्या भागाला हवं तसं पडता येत नाही, त्याची ओढ टोकाला मिळते. विटांचं उंच धुराडं कोसळताना कधीकधी हवेतच मोडतं, तेही या ओढाताणीमुळे: वाकवणारा ताण तळापासून एक-तृतीयांश उंचीवर सर्वाधिक असतो.

जमलं तर टोकाला पट्टीइतक्याच वजनाचा लोखंडी तुकडा घट्ट बांधून पुन्हा करा. टोक आणखी जोरात पडेल असं वाटतं, पण त्वरण दीडपटीवरून १.१२५ पटीवर घसरतं आणि नाण्याखालची फट दोन सेंमीच्याही आत येते.