७० सीसी किट टाकल्यावर फुल थ्रॉटलला अडखळणारी स्कूटर: माझा अनुभव

५० सीसीच्या टू-स्ट्रोकवर ४७ मिमी बोअरचा (सिलिंडरचा आतला व्यास) ७० सीसी किट, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन, आणि एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा खास फुगीर सायलेन्सर) चढवला, तर फुल थ्रॉटलला इंजिन अडखळू लागलं. प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. असंच रेटलं तर पिस्टन जॅम होणार.

जेटला (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र; नंबर मोठा तर पेट्रोल जास्त) हात लावण्याआधी हवेची गळती शोधा. व्हेरिएटर (क्रँकवरची, आपोआप गिअर बदलणारी पुली) काढला, इनटेक-एक्झॉस्ट बंद करून इंजिनात ०.३ बार दाबाने हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. व्हेरिएटरच्या बाजूच्या क्रँक सीलला बारीक फेस आला. सील बदलला. गळती तशीच ठेवून मोठा जेट टाकला तर वरचे आरपीएम सावरतात, पण आयडल आणि कमी थ्रॉटलला इंजिन लीनच राहतं.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट. पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना १.५ मिमी सोल्डरची तार ठेवून क्रँक हाताने फिरवला. तार १.१ मिमीपर्यंत चेपली. सिलिंडरखालचं बेस गॅस्केट आधीपेक्षा ०.३ मिमी पातळ टाकून ते ०.८ वर आणलं. सिलिंडर खाली बसला की पोर्टही (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्या) थोडे उशिरा उघडतात, हे विसरू नका.

जेटिंग नेहमी मोठ्या जेटपासून खाली. सुरुवातीला फुल थ्रॉटलला भरडा, घुमणारा आवाज यायला हवा. तो साफ होईपर्यंत एकेक नंबर उतरायचं, मग एक नंबर परत वर.

व्हेरिएटरमधले वजनाचे रोलर शेवटी. अर्धा-अर्धा ग्रॅम हलके करत आरपीएम चेंबरच्या पॉवरबँडमध्ये (जास्त ताकद मिळते तो आरपीएमचा पट्टा) आणले.