पावसाळ्याआधी गावाचा रेडिओ तयार ठेवा: शेतकऱ्यांसाठी हंगामी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पाऊस तोंडावर आला आहे. बियाणं, खतं, अवजारं, बांधबंदिस्ती ही यादी तुमच्या डोक्यात सुरू झालीच असेल. तिच्यात एक काम वाढवा: घरातला रेडिओ खाली काढा आणि मागचं झाकण उघडा.

आत काय असतं ते मी कितीतरी घरांत पाहिलंय. जुने सेल तसेच पडलेले, टोकाशी पांढरट बुरा, स्प्रिंग गंजून काळी पडलेली. असा रेडिओ ऐन वादळात मुका राहतो आणि आपण ‘केंद्रच बंद पडलं’ असं समजून गप्प बसतो. सेल फेका, बुरा हाताला न लावता पुसा, स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. नवे सेल आणा, पण रेडिओ रोज लावणार नसाल तर ते बाहेर कोरड्या डब्यात ठेवा. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट आजच तपासावी. फोनमध्ये एफएमची सोय असली तरी बहुतेक फोनना वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच एरियलचं काम करते. बऱ्याच नव्या फोनमध्ये ही सोयच नसते. नेट असलं तरच वाजणारं रेडिओचं अ‍ॅप म्हणजे एफएम नव्हे. टॉवरची बॅटरी संपली की ते अ‍ॅपही थांबतं.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. तुमची वस्ती अशा आडोशाला असेल तर रेडिओ कुठल्या खिडकीत, कुठल्या माळ्यावर नीट लागतो ते आताच शोधून ठेवा. अंधारात, धो धो पावसात ती जागा सापडत नाही.

हे झालं यंत्राचं. खरं काम याच्या पुढे आहे: गावाने स्वतः चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र आणि ते ऐकून हलणारी माणसं.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं आणि किमान तीन लाख माणसं गेली. रेडिओवरून धोक्याची सूचना गेली होती. वादळ येतंय हे पुष्कळांनी ऐकलंही होतं, पण घर सोडून निघाले ते फार थोडे. हा प्रसंग मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण आपल्या कामाचं मर्म त्यात आहे. दूरवरून आलेली, आपल्या शेताचं नावही न घेणारी सूचना कानावर पडते, पण तिच्यामुळे माणूस उठून चालायला लागत नाही. १९७२ नंतर तिथे गावोगावी स्वयंसेवक तयार केले गेले. रेडिओवरची सूचना ऐकायची आणि भोंगा घेऊन दारोदार जायचं, हे त्यांचं काम. सांगणारा ओळखीचा झाला तेव्हा लोक निवाऱ्याकडे निघू लागले.

म्हणून गावाने चालवलेलं केंद्र फक्त संकटासाठी राखून ठेवू नका. जो आवाज एरवी रोपवाटिकेबद्दल, जनावरांच्या लसीबद्दल, बाजाराच्या दिवसाबद्दल बोलतो, त्याच आवाजावर रात्री दोन वाजता माणूस विश्वास ठेवतो. तेलंगणातल्या मचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ पासून दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला संघम रेडिओ आहे. बियाणं जपण्यापासून आजारपणापर्यंतचे विषय त्या आपल्या बोलीत मांडतात. तमिळनाडूतल्या पांबनच्या मच्छीमारांचं ‘कडल ओसै’ हे केंद्र वारा आणि लाटांची उंची सांगतं. ही केंद्रं टिकली, कारण रोजच्या कामाला ती उपयोगी पडतात.

ऐकण्याचीही एक पद्धत असते. १९५६ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता गट उभे केले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची, शंका केंद्राकडे पाठवायच्या. तशी बैठक या हंगामात पुन्हा बसवा. पंधरा-वीस जण पुरेत. वेळ मात्र स्त्रियांना विचारून ठरवा. चूल आणि धारा यांच्या वेळेत कार्यक्रम ठेवला तर निंदणी-लावणीचं निम्म्याहून जास्त काम करणाऱ्या बायाच बाहेर राहतात.

आता पावसाच्या मोजणीकडे या. माझ्या मते शेतकऱ्याने रेडिओला देण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. मोठ्या पट्ट्याचा अंदाज ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा येतो. ते तुरळक ठिकाण म्हणजे तुमच्या वरच्या अंगाचं गाव का, हे फक्त त्या गावालाच माहीत असतं. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाडाखाली किंवा पागोळीखाली नको, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा, केंद्राला कळवा आणि डबा रिकामा करा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडला की एका एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी आलं. हा हिशोब कळला की बांध आणि चर वेळेत का काढायचे हे कुणाला पटवावं लागत नाही.

ओढ्याच्या काठी एक खांब रोवा आणि त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवा. वरच्या गावाने ‘पाणी पिवळ्यावर आलं’ असं कळवलं आणि केंद्राने ते लगेच वाचलं, तर खालच्या गावाला ओढ्याच्या लांबीनुसार तास-दोन तास मिळू शकतात. तेवढ्यात मोटर काढता येते, मळलेलं धान्य उंचावर नेता येतं, गोठा मोकळा करता येतो. मात्र खांब पाहणारा माणूस पक्का हवा आणि त्याला बदली असावी. रात्री पाण्यात उतरून खांब पाहायचा नाही. काठावरून बॅटरीच्या उजेडात दिसेल असाच तो रोवा.

निवेदकांनी सूचना कशी वाचावी तेही इथेच सांगतो. ‘जिल्ह्यात अतिवृष्टीची शक्यता असून नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्याने कुणाचाही हात कामाला लागत नाही. असं वाचा: ‘आत्ता दुपारचे तीन वाजलेत. हवामान खात्याची सूचना आहे. आज संध्याकाळी सहापासून उद्या सकाळपर्यंत जोराचा पाऊस होऊ शकतो. ओढ्यालगतच्या वस्त्यांनी जनावरं आत्ताच वर न्यावीत. कापलेलं पीक झाकावं. आज फवारणी करू नये, युरिया टाकू नये. पुढची माहिती पाच वाजता.’ किती वाजता सांगितलं, कुणी सांगितलं, कुठे, काय करायचं आणि पुन्हा कधी बोलणार, एवढं आलं पाहिजे. पाच वाजता नवं काही नसलं तरी बोलाच. ठरलेल्या वेळेला केंद्र गप्प राहिलं की ती जागा अफवा घेते.

धरण फुटल्याची अफवा पावसाळ्यात उठतेच. केंद्राने नियम करावा: अधिकृत खात्याकडून किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोन ओळखीच्या माणसांकडून खात्री झाल्याशिवाय काही वाचायचं नाही. फोनवर फिरणारा आवाज खोटा ठरला तर तो ‘खोटा आहे’ असं नाव घेऊन सांगायचं.

विजेच्या बाबतीत हयगय नको. जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओत जवळपास वीज चमकत असली की करकर येते. ही करकर वाढली की शेतातून निघा. लखलखाट दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पुराची सूचना आली की जनावरं आधी वर न्या. वेळच नसेल तर दावी सोडा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवा. जनावर पोहून वाचू शकतं, बांधलेलं मात्र जागीच बुडतं. मोटरीचा मेन स्विच पाणी चढण्याआधी, कोरड्या जागी उभं राहून बंद करा.

केंद्राच्या चालकांसाठी थोडक्यात. सगळी यंत्रणा मिळून १५० वॅट वीज खात असेल, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरून साधारण सहा तास चालेल, इनव्हर्टरची घट धरली तर त्याहून थोडं कमी. म्हणून संकटात अखंड गाणी लावू नका. दर तासाला दहा मिनिटं बोला, बाकी वेळ प्रक्षेपक बंद ठेवा आणि हे वेळापत्रक लोकांना आधीपासून पाठ करून द्या. मनोऱ्याचे ताण आणि वीजरोधकाची जमिनीतली तार आताच पाहून घ्या.

पाणी ओसरल्यावर रेडिओची गरज आणखी वाढते. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपाइन्सच्या टाक्लोबान शहरात वादळाने केंद्रं पाडली, तेव्हा आठवडाभरात पेटीत मावणारी यंत्रणा आणून प्रसारण सुरू झालं. लोकांना पाणी कुठे मिळेल, औषध कुठे, माणूस कुठे सापडेल हे हवं होतं. १९९५ च्या भूकंपानंतर जपानच्या कोबे शहरात स्वयंसेवकांनी कोरियन आणि व्हिएतनामी रहिवाशांसाठी त्यांच्या भाषेत रेडिओ चालवला. तुमच्याकडे हंगामापुरते आलेले परगावचे मजूर असतील, तर त्यांच्या बोलीत वाचणारा एक माणूस आताच हेरून ठेवा. बाहेरच्या माणसांना ओढ्याचं नावही माहीत नसतं.

शेतात परत गेल्यावर नासलेलं पीक लगेच उपटू नका. आधी तारखेसह फोटो काढा, बांध आणि ओळखीची खूण फोटोत येऊ द्या, मग भरपाईसाठी नुकसान कळवा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. वाफसा येईपर्यंत रानात औत घालू नका.

आणि येत्या आठवड्यात एक दुपार ठरवून रंगीत तालीम घ्या. केंद्राची मुख्य वीज बंद करून बॅटरीवर दहा मिनिटं बोला, ‘ही तालीम आहे’ असं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सांगा. प्रत्येक वस्तीतल्या एकाने वहीत लिहावं: किती घरांत ऐकू आलं, कुठे आवाज तुटला, कोण शेतात होतं आणि त्याला कुणी जाऊन सांगितलं. ज्या घरांपुढे ‘ऐकू आलं नाही’ अशी फुली पडेल, त्या घरांसाठी भोंगा घेऊन जाणाऱ्याचं नाव त्याच संध्याकाळी लिहून टाका.