हाय-रेझ गाणी फोनवरून नको, नेटवर्कवरून वाजवा

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने नोंदलेल्या, २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या फ्लॅक फायली (दर्जा न घटवता आकार कमी केलेली गाणी) घेतल्या असतील तर त्या ब्लूटूथवरून ऐकू नका राव, एसबीसी कोडेकमध्ये (ब्लूटूथची गाणं दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) जेमतेम ३२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) जातं आणि साध्या सीडीचा डेटाच १४११ केबीपीएस असतो, मग एवढ्या मोठ्या फायली साठवून उपयोग काय?

त्यापेक्षा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाका (फुकट आहे), पायला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) लावा, डॅकमधून आरसीए केबल अँप्लिफायरला, आणि गाणी पायलाच जोडलेल्या हार्ड डिस्कवर किंवा घरातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) ठेवा. फोन फक्त रिमोटसारखा वापरायचा, गाणं फोनमधून जातच नाही, त्यामुळे कॉल आला तरी बंद पडत नाही.

आता खरी गंमत सेटिंगमध्ये आहे. मूडमध्ये रीसॅम्पलिंग (फाईलचा किलोहर्ट्झचा आकडा बदलणं) बंद ठेवा आणि सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम फिक्स्ड करा, म्हणजे फाईल आहे तशी डॅकपर्यंत पोचते, पण हे करायच्या आधी अँपचा नॉब अगदी खाली आणा कारण आवाज एकदम फुल येतो आणि स्पीकर जाऊ शकतात. डॅकवर डिस्प्ले असेल तर बघा, ९६ च्या फाईलला ४८ दिसलं की समजायचं मध्ये कुठेतरी रीसॅम्पल होतंय.

गाणं अडखळत असेल तर महागडी केबल घेऊ नका. २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या स्टिरिओला कॉम्प्रेस न करताही ९.२ एमबीपीएसच (सेकंदाला मेगाबिट) लागतात, साधी कॅट ५ई वायर राउटरपासून ओढली तरी भरपूर झालं, वायफायच बहुतेक वेळा दगा देतं.