सुळेवाल्या मांजराचं वजन काढायचंय? दात सोडा, मांडी मोजा

आमच्याकडं हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात बघतात ते वयासाठी, चारदाती हाय का जुळलाय ते कळायला, दम बघायचा तर नजर पायावर जाते. स्मायलोडॉनचंही, म्हणजे आता नामशेष झालेल्या त्या सुळेवाल्या मांजराचंही, तसंच धरा. लोक सुळा बघून येडे होतात, सगळ्यात मोठ्या जातीत तो मुळासकट २८ सेंटिमीटरपर्यंत जातो, पण आज जिवंत असलेल्या कुठल्याच मांजराला असा सुळा नाही मग तुलना करणार कुणाशी? अंगाचा भार पायाच्या हाडावर असतोय, तेच मोजायचं.

खरं हाड कुठलं मिळतंय, कास्ट (साच्यातून काढलेली हाडाची नक्कल) किंवा थ्रीडी स्कॅन बघा. (मांजरा नदीच्या खोऱ्यात जुने हत्ती निघालेत, नावावर जाऊन मांजर शोधत बसू नका. ही हाडं ढिगानं निघाली ती लॉस एंजेलिसच्या ला ब्रीया डांबरात.) टोकं हाडाला पूर्ण जुळलेली पाहिजेत, नाहीतर ते पिल्लू.

आता दंडाचं हाड आणि मांडीचं हाड, दोन्हीचा दांडा जिथं सगळ्यात बारीक तिथं शिवायचा दोरा एकच वेढा गुंडाळायचा, खूण करायची, पट्टीवर ताणून मिलिमीटरमधी वाचायचं. मी आधी रविवारच्या मटणातल्या नळीवर हात बसवला, दोरा तेलकट होऊन नुसता घसरायचा, आई म्हणली काय मोजायलास रे जेव की गप.

दोन्ही घेरांची बेरीज करा, तिचा २.७३ वा घात काढा, ०.०७८ नं गुणा, उत्तर ग्रॅममधी येतंय. समजा १२० आणि १०५, बेरीज २२५, वजन साधारण २०६ किलो. दोरा ढिला राहून २३० वाचलं तर थेट २१९! पाच मिलिमीटरला तेरा किलो, म्हणून तीनदा मोजा.

खरी गोची पुढंच हाय. हे सूत्र सरसकट चारपायी जनावरांचं, आणि स्मायलोडॉनचे पुढचे पाय पैलवानासारखे, शिकार दाबून धरायला जाड झालेले, त्यामुळं दंडाचं हाड वजन फुगवून सांगतंय. माझा भरवसा मांडीच्या हाडावर जास्त, ते एकटं घेऊन वाघ-सिंहाच्या मांडीशी ताडून बघा.

शेवटी स्मायलोडॉनच्या तीन जातींशी ताळा करा: ग्रॅसिलिस ५५ ते १००, फेटॅलिस १६० ते २८०, पॉप्युलेटर २२० ते ४०० किलो. तुमचा आकडा लईच बाहेर गेला तर आधी दोरा परत गुंडाळा, नवा विक्रम मागून.